मेणाचं सिलिंडर सापडलं तर आधी वाजवू नका : जुन्या ध्वनिमुद्रणांचं जतन आणि डिजिटायझेशन

सारंगा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. फोनोग्राफवरच्या (मेणाच्या नळीवर, म्हणजे सिलिंडरवर, आवाज मुद्रित करणाऱ्या आणि वाजवणाऱ्या जुन्या यंत्रावरच्या) धाग्यात दोघातिघांनी लिहिलंय की घरात मेणाच्या नळ्या सापडल्या आहेत आणि जुन्या बाजारात यंत्र मिळालं की वाजवून बघायचा विचार आहे. म्हणून हा स्वतंत्र धागा काढतेय. कृपा करून वाजवू नका. निदान हे वाचून होईपर्यंत तरी थांबा.

मी पुण्यात एका खाजगी संग्रहासाठी जुनी कागदपत्रं आणि ध्वनिमुद्रणं सांभाळते. माझं म्हणणं थोडक्यात असं: मेणावरच्या आवाजाची पहिली चांगली प्रत हीच बहुतेक वेळा शेवटची ठरते. त्यामुळे ती घेताना मेणात जे जे आहे ते सगळं घ्यायचं, खरखरीसकट. साफसफाई, सुधारणा, ऐकण्यालायक करणं हे सगळं नंतर, आणि तेही दुसऱ्या प्रतीवर.

आधी ही वस्तू काय आहे ते बघू. एडिसनने १८७७ साली आवाज पकडला तो कथलाच्या वर्खावर. तो वर्ख काही वेळा वाजवला की संपायचा. मेण आलं ते अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलच्या व्होल्टा प्रयोगशाळेतून, १८८६ च्या पेटंटने. पुठ्ठ्याच्या नळीवर मेणाचा थर असं ते होतं. १८८८ मध्ये एडिसनने अख्खी नळीच मेणाची केली. आपण मेण म्हणतो खरं, पण पुढच्या काळातल्या तपकिरी नळ्यांत मधमाश्यांच्या मेणाचा फारसा संबंध नाही. स्टिअरिक आम्ल, कॉस्टिक सोडा आणि ॲल्युमिनियम यांपासून बनवलेला तो धातूचा साबण आहे, त्यात सेरेसिनसारखं खनिज मेण मिसळलेलं. हे ध्यानात ठेवा, कारण पुढचे सगळे आजार या घडणीतून येतात.

नेहमीची नळी साधारण ११ सेंटिमीटर लांब आणि साडेपाच सेंटिमीटर व्यासाची. एका इंचात खोबणीचे १०० फेरे. वापरात येणारा भाग चार इंच धरला तर ४०० फेरे, आणि मिनिटाला १६० फेरे या वेगाने अडीच मिनिटं. खोबण उलगडून सरळ केली तर सत्तरेक मीटर भरेल. तबकडीत सुई आडवी हलते, इथे ती वरखाली हलते. म्हणजे आवाज आहे तो खोबणीच्या तळाच्या चढउतारात, आणि जुन्या यंत्राची सुई नेमकी त्या तळावरूनच घासत जाते. दर खेपेला थोडं मेण निघतं. त्यातून पुढच्या काळातल्या टणक सेल्युलॉइडच्या नळ्यांसाठी केलेला जड रिप्रोड्यूसर (यंत्राचा सुई असलेला, आवाज काढणारा भाग) लावला, तर मऊ तपकिरी नळी एका फेरीत खराब होऊ शकते. आणि हल्ली जुन्या बाजारात यंत्राला कुठला रिप्रोड्यूसर जोडून देतील याचा काही भरवसा नाही.

हाताळण्याबद्दल: नळी बाहेरून कधीही धरू नका. तर्जनी आणि मधलं बोट आत घालून हलके फाकवायचं, तेवढ्या आधारावर नळी उचलायची. कपाट थंड असेल तर आधी तासभर खोलीत राहू द्या. हाताच्या उबेनेसुद्धा थंड मेणाला तडा जातो, हे मी स्वतः बघितलंय. आवाज अगदी बारीक होतो, पण आरपार फट पडते.

नळ्या उभ्या ठेवायच्या, आडव्या नाहीत. डबी आणि नळी यांची ताटातूट होऊ द्यायची नाही. तपकिरी नळीवर बहुतेक वेळा काहीच लिहिलेलं नसतं. जी काही ओळख असेल ती डबीवर, आतल्या चिठ्ठीत, नाहीतर सुरुवातीला बोललेल्या उद्घोषणेत.

घरगुती नळ्यांचं मोल मला जास्त वाटतं ते एका कारणाने. तबकडीचं यंत्र फक्त वाजवायचं. सिलिंडरच्या यंत्रावर घरी बसून मुद्रण करता यायचं. कोरी नळी लावायची, कर्ण्यासमोर गायचं. म्हणजे जे कुठल्याच कंपनीने छापलं नाही असं काहीतरी तुमच्या माळ्यावर असू शकतं.

कोकणवासी

ताई, तो लिहिणारा मीच. राजापूरजवळच्या आमच्या जुन्या घरात आजोबांच्या ट्रंकेत पाच नळ्या मिळाल्या. पुठ्ठ्याच्या गोल डब्या, आत कापसासारखं अस्तर. तीन तपकिरी आहेत, दोन काळ्या. तपकिरीपैकी दोघींवर पांढरट पावडरीसारखं काहीतरी आलंय. आमच्याकडे पावसाळ्यात चामड्याच्या चपलेवरसुद्धा बुरशी येते, त्यामुळे ही बुरशीच असणार. आई म्हणते मऊ फडक्याला जरा स्पिरिट लावून पुसून घे. पुसू का?

सारंगा

अहो नको! स्पिरिट अजिबात नको. अल्कोहोल या मेणाला खातं. पाणीही घरच्या घरी नको.

पांढरं दिसतं ते दोन प्रकारचं असतं. एक म्हणजे खरी बुरशी. मेणातली स्निग्ध आम्लं हे तिचं खाद्य. ती नुसती वर बसत नाही, पृष्ठभाग कुरतडते. पुसली तरी तिने पाडलेले खड्डे राहतात आणि वाजवताना दर फेऱ्याला सप्प-सप्प असा आवाज येतो. दुसरा प्रकार म्हणजे मेणाच्या आतलंच स्निग्ध आम्ल बाहेर येऊन पृष्ठभागावर साचतं. ती बुरशी नव्हे, नळीच हळूहळू फुटून वर येतेय.

भिंगातून बघा. बुरशी बहुधा ठिपक्याठिपक्यांनी असते, गोल पसरत गेलेली, कडेला तंतू दिसतात. दुसरा प्रकार सगळीकडे सारखा, धुक्यासारखा. दोन्हींत तुम्ही करायचं ते एकच: काही नाही. फोटो काढा आणि पांढरं आलेल्या नळ्या बाकीच्यांपासून वेगळ्या ठेवा. बुरशी असलेली डबी उघडताना मास्क लावा, ती छातीत जाणं चांगलं नाही.

डबीतल्या कापसाचं म्हणाल तर तो ओल धरून ठेवतो. नळी बिनआम्लाच्या कागदाच्या नव्या डबीत हलवता आली तर उत्तम, पण जुनी डबी टाकायची नाही. दोन्हींवर पेन्सिलीने एकच क्रमांक लिहा.

आणि शक्य असेल तर पावसाळ्याच्या आत या नळ्या राजापूरहून घाटावर आणा. हवा थंड आणि मुख्य म्हणजे स्थिर हवी, आर्द्रता ४० ते ५० टक्के. दिवसा एसी आणि रात्री बंद असली खोली तर सर्वांत वाईट.

अभियंता_चिंचवड

छान माहिती. एक शंका. सध्या एआयने आवाज इतका स्वच्छ करता येतो, की मोबाईलवर साधं मुद्रण करून सॉफ्टवेअरला दिलं तरी भागेल ना? पहिली प्रत एवढी सोवळ्यात ठेवायचं कारण समजलं नाही.

सारंगा

कारण सॉफ्टवेअरला खरखर कुठली आणि आवाज कुठला हे कळतं ते अंदाजाने. या नळ्यांवर 'स', 'श' आधीच पुसट असतात. वरच्या कंपनसंख्या कर्ण्यातून मेणापर्यंत पोचतच नसत. जे थोडंफार पोचलंय ते नेमकं खरखरीच्या पट्ट्यात असतं. सॉफ्टवेअर ते काढून टाकतं. नवीन एआय तर त्याच्याही पुढे जाऊन स्वतःच्या मनाने व्यंजन भरतं. ऐकायला गोड लागतं, पण ते मेणावर कधीच नव्हतं. उद्या कुणी बोलीभाषेचा अभ्यास करायला बसला तर तो कुणाच्या उच्चारांचा अभ्यास करणार?

जागतिक पातळीवर संग्रहालयांची रीत ठरलेली आहे. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, दाबून लहान न केलेली वेव्ह फाइल. कुठलाही फिल्टर नाही. कुठली सुई वापरली, किती भाराने, किती वेगाने, कोणत्या दिवशी, हे सगळं फाइलसोबत नोंदवायचं. ती फाइल कुलूपबंद. मग तिच्या प्रतीवर तुम्ही काय हवी ती जादू करा, माझी ना नाही.

नोंदीवर मी इतका भर देते कारण नोंद नसलेली फाइल वीस वर्षांनी निरुपयोगी होते. एका ठिकाणी मी अशी सीडी हाताळली आहे: वर नुसतं "जुनी गाणी". वेग माहीत नाही, नळी कुठली माहीत नाही, आणि ती नळी मधल्या काळात फुटलेली.

पेटीवाला

वेगाबद्दल मी लिहितो, कारण आम्हा साथीदारांना हे लगेच खटकतं.

१९०२ च्या सुमारास साच्यातल्या काळ्या नळ्या आल्यावर १६० हा वेग रूढ झाला. त्याआधीच्या तपकिरी नळ्या १२० पासून १६० पर्यंत कशाही मिळतात, आणि घरी मुद्रण केलेल्या तर यंत्राचा स्क्रू जसा फिरवला असेल तशा. मुद्रण १४४ वर झालं असेल आणि तुम्ही १६० वर वाजवलं, तर काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) गाणारा माणूस जवळजवळ काळी दोनमध्ये ऐकू येतो. लयही तेवढीच चढते. ठाय लयीतली चीज मध्य लयीची वाटायला लागते, तान उगाच तयारीची वाटते, आणि आपण म्हणतो काय गळा होता!

बर्लिनच्या ध्वनिसंग्रहातल्या मंडळींनी यावर उपाय केला होता तो मला फार आवडतो. मुद्रण सुरू करताना ते ४३५ हर्ट्झच्या स्वराची शिट्टी कर्ण्यात फुंकायचे. पुढे शंभर वर्षांनी कुणीही ती नळी लावली, की आधी शिट्टी ४३५ वर जुळवायची, वेग आपोआप ठरला.

आपल्याकडच्या घरगुती नळ्यांत अशी शिट्टी कुठून असणार. पण पेटीची साथ असेल तर तिच्या सुरावरून बराच अंदाज बांधता येतो. आणि काही ठिकाणी माणूस गायच्या आधी बोलतो. बोलण्याचा वेग कान बरोबर ओळखतो. गाणं संपल्यावर कुणी खाकरलं, हसलं, "वा" म्हणालं तर तेही कापू नका. वेग ठरवायला त्याचाच उपयोग होतो.

सॅन_होजेकर

सारंगाताई, सुंदर धागा. सुई न लावता आवाज काढायच्या पद्धतीबद्दल थोडं लिहितो, मी इथे जवळच असल्यामुळे त्यावर बरंच वाचलंय आणि व्याख्यानंही ऐकली आहेत.

लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेतले कार्ल हेबर हे कणभौतिकीवाले. कणांचा माग काढणाऱ्या शोधकांमधली सिलिकॉनची पाती मायक्रॉनपर्यंत अचूक बसवायची असतात, त्यासाठी त्यांच्याकडे प्रकाशाने मोजमाप करणारी यंत्रणा होती. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधल्या नाजूक मुद्रणांबद्दल रेडिओवर ऐकताना त्यांच्या मनात आलं, की हेच तंत्र खोबणीला लावलं तर? विताली फदेयेव यांच्यासोबत २००३ मध्ये त्यांनी पहिले निकाल प्रसिद्ध केले. यंत्राचं नाव आयरीन. तबकडीचा उभा-आडवा फोटो पुरतो, पण सिलिंडरचा आवाज खोलीत असल्याने तिथे कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाने खोली मोजावी लागते. नळी सावकाश फिरते, प्रकाशाचा ठिपका तिच्यावर पडतो, प्रत्येक बिंदूची खोली मायक्रॉनच्या अंशापर्यंत नोंदली जाते. एका नळीला काही तास लागतात. शेवटी हाती येतो तो पृष्ठभागाचा नकाशा, आणि सुई त्या नकाशावरून कशी गेली असती याचं गणित संगणक करतो. मेणाला कुणी हातही लावलेला नसतो. फुटलेल्या नळीचे तुकडे वेगवेगळे मोजून गणितात जोडता येतात. बुरशीचे खड्डे नकाशात दिसतात, त्यामुळे ते कुठे आहेत हे कळून तेवढाच भाग बाजूला काढता येतो.

याच पद्धतीने २०१३ मध्ये खुद्द ग्रॅहॅम बेलचा आवाज मिळाला. स्मिथसोनियनमध्ये व्होल्टा प्रयोगशाळेची १८८५ ची मेण-पुठ्ठ्याची तबकडी होती, वाजवायचं यंत्रच उरलेलं नव्हतं.

बर्कली विद्यापीठाच्या हर्स्ट संग्रहालयात २,७०० च्या वर नळ्या आहेत. कॅलिफोर्नियातल्या मूळच्या लोकांची गाणी, कहाण्या, प्रार्थना, ७८ भाषा. त्यातल्या कित्येक भाषा बोलणारं आता कुणी नाही. बऱ्याच नळ्यांवर बुरशी, काही फुटलेल्या. त्या सगळ्या आयरीनने मोजण्याचा मोठा प्रकल्प तिथे झाला.

त्यात १४८ नळ्या ईशीच्या आहेत. ईशी 'याही' नावाच्या जमातीचा. या जमातीची कत्तल झाली, उरलेले डोंगरात लपून राहिले. ईशी शेवटचा. १९११ मध्ये तो कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी एकटा बाहेर आला. क्रोबर आणि वॉटरमन या मानववंशशास्त्रज्ञांनी त्याला संग्रहालयात आणलं, तिथेच तो राहिला आणि १९१६ मध्ये क्षयाने गेला. त्याने रानबदकाची एक लांबलचक कहाणी सांगितली, ती पन्नासएक नळ्यांवर पसरलेली आहे. म्हणजे दर दोन-अडीच मिनिटांनी त्याला थांबवायचं, नळी बदलायची, पुन्हा सुरू करायचं. कीर्तनकाराला दर दोन मिनिटांनी हात धरून बसवावं तसं. तरी तो सांगत राहिला. समोर त्याची भाषा पुरती समजणारा एकही माणूस नव्हता.

रानजाई

वाचताना अंगावर काटा आला. वाचनखूण साठवली.

आपल्या देशात त्या काळात मेणावर कुणी काय मुद्रित केलं, याबद्दल कुणी लिहील का?

जुनी_तबकडी

मी लिहितो. मी स्वतः मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या जमवतो, सिलिंडर माझ्या वाट्याला फार आली नाहीत.

एक तर लक्षात घ्या की त्या काळातली लाखेची तबकडीसुद्धा आधी मेणावरच जन्मायची. ग्रामोफोन कंपनीचा मुद्रणकार फ्रेड गायसबर्ग १९०२ मध्ये कलकत्त्याला आला, नोव्हेंबरात गायिका गौहरजानचं मुद्रण केलं, ते जाड मेणाच्या चकतीवर. त्या चकत्या बोटीने जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या. तिथे त्यावर धातू चढवून साचा करायचा, साच्यातून तबकड्या दाबायच्या आणि त्या परत बोटीने हिंदुस्थानात. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला तेव्हा हा फेरा थांबला. मेणाची चकती काम झालं की तासून पुन्हा वापरायची पद्धत होती, म्हणून ती मेणं आज शोधायला जाऊ नका.

कलकत्त्यालाच हेमेंद्रमोहन बोस यांनी स्वदेशीच्या दिवसांत स्वतःची सिलिंडरं काढली. रवींद्रनाथांच्या आवाजातलं 'वंदे मातरम्' त्यांनी मुद्रित केलं. पुढे बोसांची काही मुद्रणं पाथे कंपनीच्या तबकड्यांवर उतरवली गेली. नळीवरून तबकडीवर गेलं ते टिकायची शक्यता वाढली, इथेही प्रत हाच आधार.

अभ्यासकांकडे बघायचं तर व्हिएन्नाच्या फोनोग्रामआर्काइव्ह या ध्वनिसंग्रहासाठी फेलिक्स एक्सनर १९०४-०५ मध्ये इकडे आले आणि वेदपठण, संस्कृत असं मुद्रित करून घेऊन गेले. व्हिएन्नाची पद्धत वेगळी, नळीऐवजी मेणाची तबकडी आणि तिच्यावरून धातूचा ठसा. मद्रासकडे एडगर थर्स्टन यांनी नळ्या भरल्या. फॉक्स स्ट्रँगवेज १९१०-११ मध्ये देशभर हिंडले. या दोघांच्या नळ्या लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहेत. अर्नोल्ड बाके हे डच गृहस्थ शांतिनिकेतनात राहून शिकले, १९३० च्या दशकात त्यांनी पुष्कळ नळ्या बर्लिनसाठी मुद्रित केल्या. बाकेंच्या मुद्रणांच्या प्रती भारतात आणल्या गेल्या त्या आर्काइव्ज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी या संस्थेत. ही संस्था १९८२ मध्ये आपल्या पुण्यात सुरू झाली, आता गुरुग्रामला आहे.

आयरीनचं एक यंत्र चेन्नईच्या रोजा मुथय्या संशोधन ग्रंथालयातही आणलेलं आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं.

राईनकाठची

बर्लिनचं नाव दोनदा आलं म्हणून. इथला फोनोग्रामआर्काइव्ह १९०० मध्ये कार्ल श्टुम्फ यांनी सुरू केला, सयामहून (आताच्या थायलंडहून) आलेल्या नाटकमंडळीच्या वादकांचं मुद्रण करून. नंतर होर्नबोस्टेल यांनी तो वाढवला.

तिथली प्रत काढायची पद्धत बघवत नाही, पण समजून घेण्यासारखी आहे. मेण वीज वाहून नेत नाही. म्हणून नळीवर ग्राफाइटची पूड चोळायची आणि ती तांब्याच्या द्रावणात लटकवायची. वीज सोडली की तांबं हळूहळू खोबणीच्या आकाराप्रमाणे चढतं. पुरेसा थर झाला की आतलं मेण काढून टाकायचं. मूळ नळी त्यात जायची! हाती उरायची तांब्याची नळी, जिच्या आतल्या बाजूला खोबणीचा उलटा ठसा. तिच्यात मेण ओतून हव्या तितक्या प्रती.

दुसऱ्या महायुद्धात हा संग्रह सायलेशियात हलवला, तिथून तो लेनिनग्राडला गेला, मग पूर्व बर्लिनला परत, आणि १९९१ मध्ये पुन्हा आपल्या मूळ संग्रहालयाकडे. एवढ्या ओढाताणीत मेण किती टिकलं असतं? तांबं टिकलं. १९९९ मध्ये युनेस्कोने या संग्रहाचा जागतिक स्मृतीच्या यादीत समावेश केला. तांब्याच्या नळीत आतून एंडोस्कोप घालून ठसा वाचायची पद्धतही इथेच बसवली.

पहिल्या महायुद्धात जर्मनीने पकडलेल्या सैनिकांच्या छावण्यांतही मुद्रणं झाली. वुन्सडॉर्फच्या छावणीत हिंदुस्थानी सैनिक होते. एकूण १,६५० तबकड्या आणि १,०२२ मेणाच्या नळ्या. त्यात ११ डिसेंबर १९१६ ला मुद्रित झालेला मल सिंग नावाचा पंजाबी जवान आहे. तो स्वतःबद्दल 'एक माणूस होता' अशा थाटात बोलतो, गावाकडे खाल्लेल्या लोण्याची आठवण काढतो आणि घरी जायचंय म्हणतो. मिनिट-दीड मिनिटाचा आवाज आहे. मी तो ऐकला आणि त्या दिवशी दुसरं काही करू शकले नाही.

अभियंता_चिंचवड

ताई, पटलं. मी सॉफ्टवेअरचा आग्रह सोडला. मग आता प्रश्न असा, की हे सगळं सरळ इंटरनेटवर टाकून मोकळं का होत नाहीत? सांता बार्बराच्या विद्यापीठाने २००५ पासून हजारो नळ्या फुकट ऐकायला ठेवल्यात. दहा हजारांच्या वर गेलाय आकडा. तसंच सगळीकडे व्हायला हवं. जितक्या प्रती तितकं सुरक्षित.

सॅन_होजेकर

सांता बार्बरामधल्या बहुतेक नळ्या कंपन्यांनी विक्रीसाठी काढलेल्या आहेत. बँड, विनोदी गाणी, भाषणं. लोकांनी ऐकावं म्हणूनच ती गायली गेली. हर्स्टच्या नळ्या तशा नाहीत. तिथे अंत्यसंस्काराची गाणी आहेत, विशिष्ट ऋतूतच म्हणायच्या कहाण्या आहेत. त्यामुळे सगळं सरसकट उघडं टाकलेलं नाही, आधी त्या त्या समाजाशी बोलणं होतं.

रानजाई

मला हे पटतं. माझं माहेर डहाणूकडचं. वारली लग्नात धवलेरी (लग्न लावणारी बाई) जे गाते ते प्रसंगाचं असतं. कुणी म्हटलं म्हणून कधीही, कुठेही ते गायचं नसतं. शंभर वर्षांपूर्वी एखाद्या साहेबाने ते गाऊन घेतलं असेल तर गाणारीला काय सांगितलं होतं, हे कोण सांगणार? प्रत जपा, जरूर जपा. ऐकवायचं की नाही हे तिच्या माणसांना ठरवू दे.

सारंगा

रानजाई, अगदी. याचं सर्वांत जुनं उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या मूळच्या पासामाक्वॉडी लोकांचं. जेसी वॉल्टर फ्यूक्स हा माणूस १८९० च्या मार्चमध्ये एडिसनचं यंत्र घेऊन मेन राज्यातल्या कॅलिस गावी गेला आणि त्यांची गाणी, कहाण्या मुद्रित केल्या. क्षेत्रावर जाऊन केलेलं हे पहिलं ध्वनिमुद्रण मानतात. त्या नळ्या आधी हार्वर्डच्या पीबडी संग्रहालयात, मग लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये गेल्या. १९७९ मध्ये सुरू झालेल्या एका सरकारी प्रकल्पात अशा नळ्यांच्या टेप करून त्या त्या जमातींना परत द्यायला सुरुवात झाली. अलीकडे त्याच नळ्या पुन्हा नव्या तंत्राने उतरवल्या, तेव्हा समाजातल्या जाणत्या मंडळींनी बसून ऐकल्या. गोऱ्या माणसाने लिहिलेली शीर्षकं बाजूला ठेवून आपल्या भाषेत नावं दिली, शब्द लावले, आणि ती गाणी पुन्हा म्हणायला घेतली. ग्रंथालयाच्या नोंदीत आता त्यांनी दिलेली माहिती आहे.

इथे आवाज स्वच्छ झाला म्हणून शब्द लागले असं नाही हो. ऐकणाऱ्याला भाषा येत होती म्हणून लागले. खरखरीतून शब्द ओळखणारा कान कुठल्याही यंत्रापेक्षा वरचढ असतो, आणि तसे कान म्हातारे होत चाललेत. म्हणून मी म्हणते, प्रत झाली की ती कपाटात नको. शक्य तितक्या लवकर घरातल्या, गावातल्या जाणत्या माणसाला ऐकवा आणि तो काय म्हणतो ते लिहून घ्या.

कोकणवासी

सगळ्यांचे आभार. आईला धागा वाचून दाखवला, स्पिरिटची बाटली परत कपाटात गेली.

आज दिवसाउजेडी डब्या खिडकीशी घेऊन नीट बघितल्या. फोटो चढवलेत. काळ्या दोन नळ्यांच्या कडेवर इंग्रजीत छापलेलं आहे, त्या विलायती बँडच्या दिसतात. पांढरं आलेल्या दोन्ही नळ्यांवर भिंगातून बघितलं तर एकीवर सरसकट धुकं आहे, दुसरीवर मात्र ठिपके आणि तंतू. तिसरी तपकिरी नळी स्वच्छ आहे. तिची खोबण शेवटपर्यंत जात नाही, साधारण दोन तृतीयांशावर थांबते आणि पुढे गुळगुळीत. म्हणजे ही घरी भरलेली म्हणायची का? तिच्या डबीच्या झाकणात आतून एक चिठ्ठी चिकटवलेली आहे, मोडीत. मला मोडी येत नाही.

बोरूबहाद्दर

फोटो मोठा करून वाचला. शाई उडाली आहे, पण पहिली ओळ स्पष्ट आहे: "माघ शके १८२८". दुसऱ्या ओळीत "सौ." आणि पुढचं नाव कागदाच्या घडीत गेलंय. तिसरी ओळ मी "जात्यावरील" अशी वाचतो. शेवटचा शब्द लागत नाही. चिठ्ठी सोडवायचा प्रयत्न करू नका, तिरप्या उजेडात अजून एक फोटो काढा, डावीकडून आणि उजवीकडून.

सारंगा

माघ शके १८२८ म्हणजे १९०७ चा जानेवारी किंवा फेब्रुवारी. आणि खोबण अर्धवट थांबते म्हणजे हो, घरीच भरलेली असण्याची दाट शक्यता आहे. कंपनीची नळी बहुतेक पूर्ण भरलेली असते.

आता नीट ऐका. या तिसऱ्या नळीला कोणतीही सुई लागता कामा नये, जुन्या यंत्राची तर नाहीच. आर्केओफोनसारखं हलक्या भाराचं आधुनिक यंत्र चालेल, पण आधी चेन्नईला प्रकाशाने मोजून मिळतं का ते विचारू. त्यांचं यंत्र सिलिंडरची खोली मोजतं की फक्त तबकड्यांचं आहे, हा पहिला प्रश्न. पत्राचा मसुदा मी करते, तुमच्या नावाने पाठवा. परदेशी पाठवायचा विचार सध्या नको. शंभर वर्षांवरची वस्तू म्हणून पुरातत्त्व खात्याचे नियम लागतील आणि प्रवासात फुटायची भीती वेगळीच.

पुण्याला आणताना प्रत्येक डबी वेगळ्या डब्यात उभी, भोवती फोम, आणि गाडीच्या डिकीत ठेवायची नाही, उन्हात डिकी तापते. पायाशी, सावलीत. ठिपकेवाली नळी स्वतंत्र पिशवीत. सकाळी लवकर निघा.

कोकणवासी

रविवारी पहाटे निघतोय. आई सोबत येतेय. तिच्या सासूबाईंच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या तिला अजून पाठ आहेत, त्या ती घरी वहीत उतरवून आणणार आहे. शब्द लावायला उपयोगी पडतील म्हणाली.

बोरूबहाद्दर

नवे फोटो बघितले. शेवटचा शब्द "गाणी" आहे. घडीतल्या नावाचं पहिलं अक्षर "का" किंवा "फा". आईंना विचारा, घरात काशी, कावेरी अशा नावाचं कुणी होतं का?